वडी पडली पाहिजे!

हॉस्टेलवर कोण श्रीमंत आणि कोण गरीब हे मोबाईलवरून कळत नाही. ते सुट्टीहून परतताना आणलेल्या डब्यावरून कळतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या रात्री आमच्या विंगमधून एक चक्कर मारा. सोलापूरवाल्याच्या शेंगापोळ्या, जळगाववाल्याचे केळ्याचे वेफर्स, कोकणातल्या पोराच्या नारळाच्या वड्या, नाशिकवाल्याचा चिवडा, सगळं एका वर्तमानपत्रावर मांडलेलं असतं आणि भोवती अशी गर्दी असते की व्हायव्हाच्या दिवशी एक्स्टर्नलभोवतीसुद्धा नसेल. डबा उघडल्याची बातमी रिझल्टच्या बातमीपेक्षा जोरात पळते. आणि काय गंमत आहे पाहा, चिवडा दोन दिवस टिकतो, चकली तीन दिवस टिकते, पण वडी? वडी पहिल्या रात्रीच संपते.

"इंजिनिअरिंगच्या अंकात वडीवर लेख? काहीतरी टेक्निकल लिही की!" असं संपादक मंडळातला मित्र म्हणालाच. मी त्याला म्हटलं, बाबा रे, वडीत थर्मोडायनॅमिक्स आहे, मटेरियल सायन्स आहे, कॉस्टिंग आहे. शिवाय थोडा आपला जिल्हा आहे. एवढं टेक्निकल तर माझं फायनल इयरचं प्रोजेक्टसुद्धा नाही!

तर मंडळी, सुरुवात दुधापासून.

आमचं घर राहाता तालुक्यातलं. चार संकरित गाई, थोडा ऊस, थोडी मका. आपल्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण जिल्ह्याची ओळख तीच राहिली : दूध आणि साखर. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला तो १९५० साली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' ही तीन जातींच्या संकरातून तयार झालेली गाय दिली. आमच्याकडे पोरगं चालायला लागण्याआधी दुधाच्या किटलीला धरून उभं राहतं, असं म्हटलं तरी चालेल.

पण दुधाचा एक मोठा दोष आहे. ते थांबत नाही. ऊस शेतात महिनाभर जास्त उभा राहू शकतो, कांदा चाळीत पडून राहतो, पण सकाळी काढलेलं दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत धीर धरत नाही. त्यामुळे दूधवाला शेतकरी कधीच म्हणू शकत नाही की, "भाव नाही ना, मग आज विकत नाही." गाय काही संपावर जात नाही.

शेतकरी मात्र गेले. १ जून २०१७. पुणतांबा आमच्यापासून जवळच. तिथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि राज्यभर पसरला. रस्त्यावर दूध ओतल्याची छायाचित्रं तुम्ही पेपरात पाहिली असतील. मी तेव्हा शाळेत होतो. वडील संपाच्या बाजूचे, त्यामुळे आमचं दूध डेअरीला जाणं शक्यच नव्हतं. पण ओतायची वेळ आली तेव्हा आई किटलीसमोर उभी राहिली. म्हणाली, "संप करा, नाही कोण म्हणतंय? पण गाईनं दिलेलं मातीत घालायचं नाही." त्या संध्याकाळी तिने अंगणात चूल मांडली, शेजारून मोठी लोखंडी कढई आणली आणि खवा आटवायला बसली. रात्री दहाला परातभर खवा आणि सकाळी ताटभर वड्या. आमच्या घरातली वडी सणाची नव्हे, ती संपाची!

दुसरी वेळ आली ती २०२० च्या मार्चमध्ये. मी त्या वर्षी दहावीला होतो. माझ्या बॅचच्या सगळ्यांना आठवत असेल, आपला भूगोलाचा पेपर राहून गेला तो राहूनच गेला. त्याचे मार्क बाकीच्या विषयांच्या सरासरीवर मिळाले. पेपर गेल्याचा आनंद आठवडाभर टिकला. मग लॉकडाऊन काय असतं ते कळलं. हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, हलवायांची दुकानं बंद. सगळ्या शहरांनी एकदम चहा प्यायचं सोडलं तर दूध जाणार कुठे? गावातल्या डेअरीने सकाळचं दूध घेतलं, संध्याकाळचं नको म्हणून सांगितलं. भाव तिसऱ्या हिश्शाने खाली आला, तो वीस रुपयांवर. सरकारने जादा दूध विकत घेऊन त्याची पावडर करायची योजना आणली, त्याने काही भार हलका झाला. पण आमच्या अंगणात रोज संध्याकाळी वीस लिटर दूध शिल्लक राहायचंच.

पुन्हा चूल. पुन्हा कढई. या वेळी उलथनं माझ्या हातात.

ज्यांनी खवा आटवला नसेल त्यांना सांगतो, हे काम बाहेरून फार सोपं दिसतं. दूध उकळायचं आणि हलवत राहायचं, एवढंच. पहिली वीस मिनिटं तुम्ही गाणी म्हणता. पुढची वीस मिनिटं खांदा बोलायला लागतो. शेवटच्या दहा मिनिटांत दूध घट्ट होतं, बुडाला धरायला बघतं, फुटाण्यासारखे थेंब हातावर उडतात आणि नेमकं तेव्हाच थांबायची सोय नसते. आई बाजूला बसून एवढंच म्हणायची, "हात थांबला की वडी गेली." माझ्या माहितीतला हा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात अचूक ऑपरेटिंग मॅन्युअल!

सेकंड इयरला थर्मो आलं तेव्हा मी आईच्या त्या कामाचा हिशोब मांडला. गाईच्या वीस लिटर दुधातून साधारण साडेतीन किलो खवा निघतो. म्हणजे सतरा किलो पाणी हवेत घालवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. सतराने गुणा, दूध उकळीपर्यंत न्यायची उष्णता मिळवा, एकूण ४४ मेगाज्यूलच्या आसपास. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये किलोला ४६ मेगाज्यूल असतात, पण उघड्या कढईखाली निम्मेच कामी आले असं धरलं तरी रोज जवळजवळ दोन किलो गॅस! १४.२ किलोचं सिलिंडर आठवड्यात रिकामं. म्हणून चूल, म्हणून बाभळीची लाकडं. या हिशोबात आईचा खांदा आणि डोळ्यांत जाणारा धूर मी कुठल्या कॉलममध्ये धरायचा, हे मात्र कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

आणि विकायची कुणाला? साडेतीन किलो खवा म्हणजे तीनचारशे रुपयांचं दूध, पण गिऱ्हाईकच घरात कोंडलेलं. मग आई वड्या वाटायला लागली. शेजारी, आशाताई, चौकात बंदोबस्ताला उभे असलेले पोलीस. गावाच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या. हंगाम संपत आलेला, पण रस्ते बंद झाल्यामुळे लोक होते तिथेच अडकलेले. पोराबाळांसकट. वडील संध्याकाळी एक किटली दूध आणि कागदात बांधलेल्या वड्या तिकडे नेऊन द्यायचे. मी दोनतीनदा बरोबर गेलो. लांबूनच ठेवायचं आणि मागे सरकायचं, तेव्हाची पद्धतच तशी होती. शासनाने त्या लोकांना गावी जायची परवानगी दिली ती १७ एप्रिलला. राज्यात असे लाखावर मजूर अडकलेले होते, हे मला पुढे वाचून कळलं.

हा किस्सा मी इथे हॉस्टेलवर सांगितला तो फर्स्ट इयरला, एका रात्री लाइट गेली असताना. माझा रूम पार्टनर पाथर्डी तालुक्यातला. ऐकता ऐकता तो एकदम गप्प झाला. मग अंधारातच म्हणाला, "माझे आईबाप तवा सांगलीकडं अडकले होते. मी आणि आजी गावाकडं. त्यांना कुणी दिल्या असतील का रे वड्या?"

मला उत्तर देता आलं नाही. लाइट आली तेव्हा तो झोपला होता, निदान तोंड भिंतीकडे तरी होतं.

त्यानंतर मला एक गोष्ट दिसायला लागली. हिवाळी सुट्टीनंतर सगळ्यांचे डबे यायचे, याचा कधीच नाही. "आमच्याकडं गोड कुणी खात नाही," असं तो सांगायचा. खरं कारण साधं होतं. दसरा-दिवाळी झाली की घराला कुलूप. आईवडील कोयता घेऊन तोडीला, ते उन्हाळ्यापर्यंत. ज्या घरात चूलच पेटत नाही तिथून डबा कसा येणार? आपल्या जिल्ह्याची साखर ज्यांच्या हातातून जाते त्यांच्या पोराच्या डब्यात वडी नाही, हे गणित मला कुठूनही सोडवलं तरी चुकीचंच वाटायचं.

मग ठरवलं, डबा येत नसेल तर इथेच करायचा.

आता हॉस्टेलच्या खोलीत शेगडी लावायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे (रेक्टर सर हा अंक वाचतात, हे मला ठाऊक आहे!). म्हणून रीतसर अर्ज केला. विषय : मेसमध्ये वडी करण्यास परवानगी मिळणेबाबत. कारण : प्रायोगिक. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्या वेळेत करू, भांडी घासून ठेवू, असं लिहून दिलं. सरांनी अर्ज दोनदा वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि लाल पेनने शेरा मारला : "मंजूर. नमुना कार्यालयात सादर करावा." आजवर कॉलेजमध्ये केलेल्या माझ्या अर्जांपैकी एका दिवसात मंजूर झालेला हा एकमेव अर्ज.

मेसच्या मावशींनी पहिल्याच दिवशी आमचा ताबा घेतला. "तुम्ही विंजिनेर लोक, तुम्हाला तोळामासा लागतो, मला अंदाज पुरतो," म्हणत त्यांनी आमची मोजायची वाटी बाजूला ठेवली. पण प्रत्येक गोष्ट का होते ते मात्र त्यांनी आमच्याकडून ऐकून घेतलं, आणि तेच आता तुम्हालाही सांगतो. घाबरू नका, यावर व्हायव्हा नाही.

वडी पडते म्हणजे काय होतं? शंभर ग्रॅम पाणी साध्या तापमानाला साधारण दोनशे ग्रॅम साखर विरघळवतं. तेच पाणी उकळतं असेल तर जवळजवळ पाचशे ग्रॅम. आता गरम पाक थंड होत गेला की ही जास्तीची साखर पाण्यात मावत नाही, तिला बाहेर यायचं असतं. ती कशी बाहेर येते यावर तुमच्या ताटात काय पडणार ते ठरतं. सावकाश, न हलवता, दिवसेंदिवस ठेवलं तर मोठे मोठे खडे होतात, ती खडीसाखर. पाक खूप पुढे नेऊन, पाणी जवळजवळ संपवून, झटक्यात ओट्यावर पसरला तर साखरेला रांगेत उभं राहायला वेळच मिळत नाही, त्याची काच होते. ती चिक्की. आणि पाक घोटत घोटत, हलवत हलवत आणला तर एकाच वेळी लाखो बारीक कण तयार होतात, इतके बारीक की जिभेला कळत नाहीत. ती वडी! सिंगल क्रिस्टल, क्वेंचिंग आणि ग्रेन रिफाइनमेंट, मटेरियल सायन्सचे तीन धडे एका किलो साखरेत. सरांनी हे असं शिकवलं असतं तर लेक्चरला शंभर टक्के हजेरी लागली असती (आणि डबे घेऊन!).

आपल्या आज्यांना थर्मामीटर माहीत नव्हता, पण त्यांची बोटं होती. दोन बोटांत पाक धरून एक तार निघाली की एकतारी, तो साधारण १०५ अंशांचा. पाण्यात थेंब टाकून मऊ गोळी झाली की तो ११२ ते ११६ अंशांचा. पाकातलं पाणी कमी होईल तसा उत्कलनबिंदू वर चढतो, म्हणून तापमान म्हणजेच साखरेचं प्रमाण. बोटाने मोजलेलं हे इन्स्ट्रुमेंटेशन आहे, आणि कॅलिब्रेशन पिढ्यानपिढ्यांचं!

परदेशात याच मऊ गोळीच्या पाकापासून 'फज' करतात. लोणावळ्याला उतरून चिक्कीबरोबर चॉकलेटचं फज घेतलं असेल तर चव आठवेल, आपल्या खव्याच्या बर्फीची लांबची बहीण. फरक एवढाच की ते लोक पाक कोमट होईपर्यंत अजिबात हात लावत नाहीत आणि मग जोरात घोटतात, आपण गरम असल्यापासूनच घोटतो. फजची जन्मकथा वाचली आणि मी खुर्चीतून उठलोच. अमेरिकेत वासर नावाचं कॉलेज आहे, तेव्हा ते फक्त मुलींचं होतं. तिथल्या एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने एका पत्रात लिहून ठेवलं आहे की १८८६ साली बाल्टिमोरमध्ये फज पौंडाला चाळीस सेंटने विकलं जात होतं. तिने त्याची कृती मिळवली आणि १८८८ साली कॉलेजच्या लिलावासाठी तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलो फज केलं! मग तिथल्या मुलींना असं वेड लागलं की खोलीतल्या गॅसच्या दिव्यावरसुद्धा फज शिजायला लागलं, असं सांगतात. म्हणजे ही जगप्रसिद्ध मिठाई वाढली कुठे? हॉस्टेलवर! आपला अर्ज काही इतिहासात पहिला नव्हता.

असो. आमच्या मेसमधल्या रविवारांना आता तीन वर्षं झाली. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, आता अर्धी विंग येते. कुणी दूध हलवतो, कुणी ताटाला तूप लावतो, आणि एक जण कायम "झालं का?" विचारायला असतो. माझा पार्टनर या कामात सगळ्यांच्या पुढे गेला. त्याला पाकाची तार डोळ्यांनीच दिसते. "कळतं कसं रे तुला?" विचारलं तर म्हणतो, "लहानपणी गुऱ्हाळावर बसायचो. काहिलीतला बुडबुडा बघून गुळव्या सांगायचा, आता उतरवा."

आणि मग आली २०२५ ची संक्रांत. त्या हंगामात त्याचे आईवडील आपल्याच जिल्ह्यात, इथून एसटीने दीड तासावर तोडीला होते. संक्रांतीच्या आदल्या रविवारी आम्ही तिळाच्या आणि खव्याच्या वड्या केल्या. खव्यासाठी दूध माझ्या घरचं, वडिलांनी सकाळी एसटीत ठेवून पाठवलेलं. गूळ मावशींनी दिला. पार्टनरने मोठा स्टीलचा डबा काढला, खाली कागद घातला आणि वड्या एकावर एक अशा नीट लावल्या की जर्नलसुद्धा त्याने इतकं नीट कधी लिहिलेलं नाही. म्हणाला, "आपण सगळे घरनं डबा आणतो. मी घरी डबा नेतो."

मीही बरोबर गेलो. एसटीतून उतरून कालव्याच्या कडेने चालत फडापर्यंत. तुटलेल्या उसाच्या मोळ्या, वाढ्यांचा ढीग, बाजूला बैलगाडी. काकू मोळी बांधत होत्या. पोराला बघून हात पदराला पुसले आणि आधी विचारलं, "परीक्षा झाली का?" (आई कुठलीही असो, पहिला प्रश्न तोच.) डबा उघडल्यावर त्यांनी एक खव्याची वडी उचलली, आधी उलटी करून बघितली, मग बोटाने दाबून बघितली आणि मग खाल्ली. "चांगली पडलीय. कुणाच्या आईनं केली?"

"मी केली," तो म्हणाला.

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या आणि शेजारच्या कोयत्यावरच्या बाईला हाक मारून म्हणाल्या, "ये गं, वडी खा, माझ्या पोराच्या हातची हाय." बघता बघता फडातली सगळी माणसं जमली. प्रत्येकाला एकेक. काकांनी वडी खाऊन हातातल्या कोयत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इतकी वर्सं ऊस तोडतोय, पण त्याची वडी आज खाल्ली." ते गमतीने म्हणाले. तिथे सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या एसटीत ते वाक्य माझ्या शेजारी बसून होतं.

निघताना काकूंनी डबा मागितला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यांनी एक चांगला जाड ऊस निवडला, कोयत्याने सोलला, पेरं काढून त्याचे करवे केले आणि डबा गच्च भरून दिला. त्या रात्री आमच्या विंगमध्ये पाथर्डीचा डबा पहिल्यांदा उघडला गेला. करवे पहिल्या रात्रीच संपले. वडीसारखेच.

आता मी फायनल इयरला आहे. प्लेसमेंट, प्रोजेक्ट, सगळं चालू आहे. दुधाचा भाव आजही वर-खाली होतो आणि आमच्या अंगणातली चूल तशीच आहे. मी आणि पार्टनर मिळून प्रोजेक्टमध्ये खवा आटवायच्या कढईला छोटी मोटर आणि बुडाला घासून फिरणारी पाती बसवतोय. अशी यंत्रं बाजारात मिळतात, पण ती मोठ्या डेअरीच्या मापाची. आम्हाला पाच लिटरची हवी आहे, चार गाईवाल्याला परवडणारी. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मोटर राहू दे, आधी धुराचं बघ." खरं तर डिझाइन रिव्ह्यूला याहून चांगली सूचना कुणी दिलेली नाही. तेव्हा आता चुलीला धुराडंही प्रोजेक्टमध्ये आलं आहे.

जाता जाता ज्युनियर मित्रमैत्रिणींसाठी आमच्या तीन हुकमी कृती. मेसच्या मावशींनी पास केलेल्या आहेत.

मेसची चॉकलेट वडी : एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एकतारी पाक करा. गॅस बारीक करून दोन चमचे तूप घाला. दोन वाट्या दूध पावडर आणि दोन चमचे कोको एकत्र चाळून थोडं थोडं घालत हलवत राहा, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. तीनचार मिनिटांत गोळा कडेने सुटू लागेल. लगेच तूप लावलेल्या ताटात ओता, वाटीच्या बुडाने थापा, कोमट असताना सुरीने रेघा मारा. सैल राहिली तर परत कढईत घालून दोन मिनिटं आटवा. भुगा झाला तर दोन चमचे दूध शिंपडून पुन्हा गरम करा. वडीचं हे बरं आहे, तिला केटी लागत नाही, लगेच सुटते!

कुकरमधला ब्राउनी : ओव्हन नाही म्हणून अडायचं कारण नाही. जुन्या कुकरच्या तळाला वाटीभर मीठ पसरा, वर स्टँड ठेवा. रिंग आणि शिट्टी काढून झाकण लावा, दहा मिनिटं तापू द्या. आत पाणी घालायचं नाही, आपल्याला वाफ नको, कोरडी धग हवी आहे. क्रीमची चॉकलेट बिस्किटं तीनशे ग्रॅम क्रीमसकट बारीक करा, सव्वा वाटी दूध घालून सरबरीत करा, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा अक्रोड घाला. शेवटी इनोचं एक पाकीट घालून एकदाच ढवळा आणि तूप लावलेल्या डब्यात ओतून लगेच आत ठेवा. बारीक गॅसवर पस्तीस ते चाळीस मिनिटं. काडी खुपसून बघा. कोरडी निघाली तर केक, किंचित ओलसर कण चिकटले तर ब्राउनी. गार झाल्यावरच कापा, घाई केली तर शिरा होतो.

तिळाची वडी : एक वाटी तीळ मंद भाजून घ्या, ते तडतडले की उतरवा. अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट. एक वाटी किसलेला गूळ चमचाभर तुपात विरघळवा, बुडबुडे आले की थेंब पाण्यात टाकून बघा. मऊ गोळी झाली की गॅस बंद, तीळ, कूट, वेलची घाला, ताटात थापा आणि गरम असतानाच वड्या पाडा. पाक पुढे नेऊन गोळी वाटीत टण्णकन वाजली तर चिक्की होईल. तीही वाईट नाही, पण सरांचे दात लक्षात घेऊन करा.

या वर्षी आम्ही जातो आहोत. रविवारचा अर्ज पुढच्या वर्षी कोण करणार ते थर्ड इयरने आत्ताच ठरवावं, नमुना माझ्याकडे आहे. मावशींची कढई कुठे ठेवलेली असते तेही दाखवून जाईन. आणि एक लक्षात ठेवा, सुट्टीनंतर डबे उघडले जातील तेव्हा विंगमध्ये एक नजर फिरवा. कुणीतरी "आमच्याकडं गोड कुणी खात नाही" असं म्हणेलच. त्याला प्रश्न विचारत बसू नका. सरळ मेसमध्ये न्या आणि उलथनं हातात द्या.

— बी. ई. (मेकॅनिकल)